कॅमेरा भारी घेतला, पण फाइल उघडंना त्याचं काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईच्या तोंडावर नव्या कॅमेऱ्यांवर पानभर मजकूर आला होता, फोटो चांगले होते, माहिती पण बरी होती, ४के, ८के, १०-बिट, लॉग, रॉ सगळं आलं त्यात, फक्त एक गोष्ट आली नाही आणि तीच आमच्या मिक्सिंगवाल्यांची, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची, रोजची डोकेदुखी आहे म्हणून हे पत्र लिहायलो. त्या कॅमेऱ्यातून निघालेली फाइल एडिटिंगच्या मशीनवर उघडते का, आणि उघडली तर न अडखळता चालते का, यावर अख्ख्या पानात एक ओळ नव्हती.

मी उदगीरला मिक्सिंगचं काम करतो. शूटिंगला मी फारसा जात नाही, माझ्याकडं कार्ड येतात, हार्डडिस्क येतात. देगलूर, अहमदपूर, निलंगा, मुखेड, कधी कधी बिदरकडून सुद्धा पोरं येतात. त्यामुळं बाजारात कोणता कॅमेरा चाललाय हे मला दुकानदाराच्या आधी नाही कळत, पण त्याचा त्रास मात्र मला सगळ्यात आधी कळतो.

आता एका लग्नाचं बघा. हळदीला एक जण, ट्रॅडिशनलवाला गावातला, कॅन्डिडवाला लातूरहून बोलावलेला, ड्रोनवाला आणखी कुणीतरी, आणि वरून नवरदेवाच्या मित्रानं आयफोनवर घेतलेलं, "ते पण टाका दादा, लई भारी आलंय". म्हणजे एका लग्नात चार-पाच प्रकारच्या फाइल. कॅन्डिडवाल्याचा सोनी, मेनूत एक्सएव्हीसी एचएस ठेवलेलं म्हणजे एच.२६५, व्हिडिओ दाबून भरायची नवी पद्धत. ट्रॅडिशनलवाल्याचा जुना खांद्यावरचा कॅमेरा, त्याचं १०८० पण इंटरलेस, म्हणजे फ्रेमच्या ओळी अर्ध्या-अर्ध्या करून साठवलेल्या. ड्रोनवाल्याचं ३० फ्रेमनं, कारण त्यानं ते सेटिंग कधी उघडूनच बघितलेलं नसतं. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची, २५ नाहीतर ५० फ्रेमवर ठेवलं तर मंगल कार्यालयातल्या लाइटी फडफडत नाहीत, हे सांगून सांगून तोंड दुखायची वेळ आली पण ज्याचं त्याचं चालूच आहे.

आयफोनचं तर विचारूच नका. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, तो डॉल्बी व्हिजनमध्ये एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-अंधार साठवणारा व्हिडिओ, शूट करतो, आणि ती फाइल साध्या टाइमलाइनवर टाकली अन् सॉफ्टवेअरला ते नीट ओळखता आलं नाही की नवरीचा चेहरा पांढरा फटक. शिवाय मोबाइलचा फ्रेम रेट एकसारखा नसतो, अंधार पडला, फोन तापला की तो कमीजास्त होतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरला ते समजत नाही. मग होतं काय, सुरुवातीला सगळं बरोबर असतं आणि जसजशी क्लिप पुढं जाते तसतसा आवाज मागं पडत जातो. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, आणि "सावधान" त्यानंतर ऐकू येतं. पाहुणे म्हणतात मिक्सिंगवाल्यानं घाण केली. त्यांना काय सांगायचं व्हेरिएबल फ्रेम रेट?

गेल्या सीझनला एक पोरगं आलं माझ्याकडं, हप्त्यावर नवीन कॅमेरा घेतलेला, पहिलंच मोठं काम, तोंडावर नुसता आनंद. कार्ड लावलं, क्लिप टाइमलाइनवर ओढली. चित्राच्या जागी काळं. आवाज मात्र एकदम क्लिअर, सनई, भटजी, मागं कुणीतरी "अहो ते तांदूळ इकडं द्या" म्हणायलंय ते सुद्धा. पोराचं तोंड उतरलं. "भाऊ, व्हिडिओ दिसंना, नुसता आवाजच यायलाय, कार्ड गेलं का?" कार्ड गेलेलं नव्हतं. कॅमेऱ्यात पण काही खराबी नव्हती. फाइल होती एच.२६५, १०-बिट, ४:२:२ (म्हणजे नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त ठेवणारी), आणि माझ्याकडं त्या सॉफ्टवेअरचं जे व्हर्जन होतं त्याला ती भाषाच येत नव्हती. एका फुकटच्या कन्व्हर्टरवर सगळ्या क्लिप लावल्या, रात्रभर मशीन चालू, मधी लाइट गेली, इन्व्हर्टरवर थोडा वेळ निघालं आणि मग तेही बसलं, सकाळी परत पहिल्यापासून. तिकडून नवरीच्या चुलत्याचा फोन, "पेनड्राइव्ह कधी देता, पोरगी सासरी चाललीय."

हे सगळं इतकं किचकट का झालं ते जरा सांगतो, कारण तुमच्या वाचकात कॅमेरा घ्यायला निघालेली पोरं असतील आणि त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे.

ज्यांनी पॅनासोनिकचा एमडी-१०००० कॅमेरा खांद्यावर घेऊन लग्नं केलीत त्यांना मिनी डीव्हीचा जमाना आठवत असंल. ६० मिनिटांची टेप, सेकंदाला २५ मेगाबिट, कॉम्प्युटरमध्ये घेतली की तासाला साधारण १३ जीबी. फायरवायरच्या केबलनं कॅप्चर करायची, तासाच्या टेपला तास लागायचा, चहा पिऊन कंटाळा यायचा. पण एक सुख होतं, मोठ्या कंपन्यांनी मिळून तो फॉरमॅट ठरवलेला होता, त्यामुळं कॅमेरा सोनीचा असो का पॅनासोनिकचा, टेप घातली की सॉफ्टवेअर घ्यायचं. नवा कॅमेरा आला म्हणून सॉफ्टवेअरचं अपडेट बघत बसायची भानगडच नव्हती.

मग २००६ ला एव्हीसीएचडी हा एचडी रेकॉर्डिंगचा फॉरमॅट आला, २००८ ला कॅननचा ५डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढायचं खूळ सगळीकडं पसरलं, आमच्याकडं ते जरा उशिरा पोचलं पण पोचलं. तोपर्यंत निदान एच.२६४ म्हणजे २००३ चा जुना जाणता कोडेक (व्हिडिओ दाबून भरायची आणि उलगडायची पद्धत) होता, बहुतेक सगळं त्याच्यातच असायचं. २०१३ ला एच.२६५ आलं, त्याच क्वालिटीला जवळपास अर्धी जागा घेतं म्हणून सगळ्यांना आवडलं, पण फाइल जितकी दाबून भरलेली तितकी ती उलगडायला प्रोसेसरला जास्त घाम फुटतो. शिवाय त्याच्या पेटंटचे मालक एक ना अनेक, लायसन्स देणारे त्यांचे गट पण एकाहून जास्त, म्हणूनच विंडोजवर नुसतं बघायला सुद्धा कधी कधी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरून वेगळं पैसे देऊन एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. लाखाचं मशीन आणि फाइल बघायला वरून पैसे, गिऱ्हाईकाला सांगितलं तर चेष्टा वाटते.

आणि लोकांचा एक मोठा घोळ होतो तो म्हणजे एमपी४ लिहिलंय म्हणजे चालणारच. एमपी४, एमओव्ही, एमएक्सएफ हे नुसते डबे आहेत. किराणा दुकानातून आणलेल्या बिस्किटाच्या डब्यात घरोघरी काय काय भरलेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, वरच्या चित्रावर जाऊन चालत नाही. आत एच.२६४ आहे का एच.२६५, ८-बिट का १०-बिट, ४:२:० का ४:२:२, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलीय का मागच्या-पुढच्या फ्रेमच्या आधारावर अर्धवट, लॉगमध्ये (म्हणजे नंतर रंग काढता यावेत म्हणून फिक्कट ठेवलेली) आहे का साधी, यातलं एक जरी बदललं तरी तेच सॉफ्टवेअर जे काल चालत होतं ते आज काळं दाखवतं.

आता कुणी म्हणंल मग जुन्याच ८-बिटवर शूट करा की. करतात बरेच जण, आणि साध्या कामाला ते पुरतं पण. पण १०-बिटचा फायदा खोटा नाही ओ. ८-बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४, सगळे रंग मिळून एकीकडं १ कोटी ६७ लाख आणि दुसरीकडं १०७ कोटी. हळदीच्या कार्यक्रमात पिवळा मंडप, पिवळी साडी, अंगाला पिवळी हळद आणि वरून पिवळे हॅलोजन, त्यात ८-बिटचं लॉग फुटेज ओढायला गेलं की पिवळ्याचे चट्टे पडतात, साडीची घडी कुठली अन् मागचा पडदा कुठला कळत नाही. १०-बिट, ४:२:२ असंल तर त्याच फुटेजमधून चेहऱ्याचा रंग वेगळा काढता येतो. म्हणून कॅन्डिडवाला ते मागतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आता मशीनचं. आमच्या भागातली पोरं पीसी बांधायला संभाजीनगर नाहीतर पुण्याला जातात, दुकानदार मोठं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारतो, म्हणतो आता काहीच अडकणार नाही. पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांना ४:२:२ वालं एच.२६४ आणि एच.२६५ हार्डवेअरवर उलगडताच येत नव्हतं. ही ५० सिरीज आली २०२५ च्या जानेवारीत. म्हणजे त्याच्या आधी कितीही महागाचं एनव्हिडिया कार्ड घेतलेलं असलं तरी या एका कामात ते हात वर करतं आणि सगळा भार प्रोसेसरवर. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जे आतलं ग्राफिक्स असतं त्याला १०-बिट ४:२:२ एच.२६५ येतं, आणि ॲपलच्या २०२० च्या एम१ चिपला पण येतं. यातली गंमत म्हणजे दुकानात हजार-दोन हजार वाचवायला ज्याच्या नावाच्या शेवटी एफ असतो तो इंटेल प्रोसेसर देतात, आणि एफ म्हणजेच आतलं ग्राफिक्स नाही. जी गोष्ट कामाला येणार होती तीच नेमकी काढून घेतलेली. असं मशीन घेऊन आलेलं पोरगं मला विचारतं, दादा मित्राच्या लॅपटॉपवर चालतंय अन् माझ्या एवढ्या भारी पीसीवर का अडकतंय. काय सांगू त्याला.

बरं हार्डवेअरला येऊन पण भागत नाही, सॉफ्टवेअरला ते वापरता आलं पाहिजे. अडोबीनं ५० सिरीजवरच्या ४:२:२ चा सपोर्ट त्यांच्या प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२५ ला दिला, तो त्या व्हर्जनपासून पुढं, मागच्याला नाही. दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं स्टुडिओ व्हर्जन एकदा २९५ डॉलरला घेतलं की आजवर तरी पुढचे अपडेट फुकट मिळत आलेत, हे त्यांचं कौतुक, पण फुकटच्या व्हर्जनमध्ये विंडोजवर काही १०-बिट फाइल चालत नाहीत आणि आमची नवी पोरं बहुतेक त्या फुकटवरच शिकतात. एडियस हे तर आमच्या लग्नाच्या लाइनीतलं घरचं सॉफ्टवेअर, पण त्याचं पण नवीन व्हर्जन आलं, २०२० ला एक्स, २०२३ ला ११, की जुने टायटल, जुने रेडिमेड प्रोजेक्ट नीट उघडतील का या भीतीनं लोक वर्षानुवर्षं जुन्यावरच बसलेले असतात.

या सगळ्यात तांत्रिक अडचण किती आणि कंपन्यांची आपसातली ओढाताण किती हा पण प्रश्नच आहे. ॲपलनं प्रोरेस रॉ, म्हणजे सेन्सरवरचं चित्र जवळपास कच्चंच साठवणारा फॉरमॅट, २०१८ ला काढलं. रिझॉल्व्हमध्ये ते उघडायला लागलं २०२५ ला. सात वर्षं. रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीचा स्वतःचा रॉ फॉरमॅट त्याच २०१८ ला आलेला होता, आता माझ्यासारख्या उदगीरच्या माणसानं यातून काय समजायचं ते समजतंच की. नाहीतर निकॉनचं बघा, २०२२ ला झेड९ या कॅमेऱ्याला फर्मवेअर अपडेटमधून एन-रॉ हा स्वतःचा रॉ फॉरमॅट दिला, म्हणजे विकत घेतलेला कॅमेरा तोच, फाइल मात्र नवी. त्याच वर्षी रेड या कंपनीनं निकॉनवर पेटंटचा दावा ठोकला, २०२३ ला तो मिटला, आणि २०२४ ला निकॉननं रेड कंपनीच विकत घेतली. आमच्याकडं बांधावरून भांडणारे लोक असा निकाल लावत नाहीत. पण यात वापरणारा कुठंच नाही. तो आपला नवीन व्हर्जन कधी येतंय बघत बसलेला.

आता अपडेट मारायचं म्हणजे काय असतं ते पण सांगतो. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू, तो अधूनमधून थांबत थांबत जूनपर्यंत. या काळात कुठलंही सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही हा आमच्यातला न लिहिलेला नियम आहे, कारण नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट सहसा जुन्यात उघडत नाही, प्लगइन बसत नाहीत, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा मागतं, ड्रायव्हर नवा टाकावा तर जुन्या कार्डांचा सपोर्टच निघून चाललाय, एनव्हिडियानं जीटीएक्स १० सिरीजचे नेहमीचे ड्रायव्हर २०२५ ला बंद केले, आणि विंडोज १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मला पाहिजे होती एका कॅमेऱ्याची एक फाइल उघडायला, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर बदला, ड्रायव्हर बदला, कार्ड बदला, विंडोज बदला, मशीनच बदला. सीझनमध्ये कोण करणार हे, आणि सीझन संपल्यावर कुणाकडं पैसे राहतात, पेरणी आलेली असते.

क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न देता वापरलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल, पण बोलतो, नाहीतर कुणीतरी म्हणणारच की हे सगळे फुकटे. आमच्या लाइनीत लई ठिकाणी क्रॅक चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि क्रॅकला अपडेट मिळत नाही, मग फाइल उघडली नाही की बोंबलायचा हक्क पण राहत नाही, हे मला मान्य आहे. पण जो महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो तो तरी सुटलाय का? त्याच्याकडं नवं व्हर्जन येतं ते अख्खंच येतं, कॅमेऱ्याचा सपोर्ट पाहिजे म्हणून त्याला नवे बटन, नवे बग, हलवलेली पॅनल सगळं घ्यावं लागतं. २०१३ ला अडोबी वर्गणीवर गेली, त्याच्या आधी २०१२ चं सीएस६ पेटीत मिळायचं, ते एकदा घेतलेले काही लोक अजून त्याच्यावर साधी कामं काढतात आणि त्यांचं म्हणणं एवढंच असतं की माझं बाकी सगळं ठीक चाललंय ओ, फक्त ही नवी फाइल तेवढी वाचू दे.

आणि हे अशक्य नाही. माझं मुख्य म्हणणं हेच आहे. फोटोवाल्यांना ही सोय २००४ पासून आहे. अडोबीनं तेव्हा डीएनजी नावाचा फॉरमॅट काढला, त्याचं कन्व्हर्टर फुकट दिलं आणि अजून देतात, कालपरवा आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यातून काढली की जुनं फोटोशॉप पण ती उघडतं. नवा कॅमेरा घेतला म्हणून फोटोशॉप बदलायची गरज नाही. ॲपल पण प्रो व्हिडिओ फॉरमॅट्स नावाचं वेगळं छोटं पॅकेज देतं, त्यांचं फायनल कट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर अख्खं न बदलता. म्हणजे फाइल वाचायचा भाग वेगळा आणि बाकी सॉफ्टवेअर वेगळं असं ठेवता येतं, ठेवलेलं आहे, लोक वापरायलेत. मग व्हिडिओच्या सगळ्या सॉफ्टवेअरला हे का नको? नव्या कॅमेऱ्याचा सपोर्ट हा छोटा तुकडा म्हणून निदान मागच्या दोन-तीन व्हर्जनला द्या, पाहिजे तर त्याचे थोडे पैसे घ्या, आम्ही देऊ. हे व्यापाराचं गणित आहे हे मला कळतं, नवा कॅमेरा हेच नवं व्हर्जन खपवायचं कारण असतं. पण गिऱ्हाईकानं मागितलंच नाही तर ते कशाला देतील, आणि मागायचं म्हणजे आधी नेमकं काय अडतंय ते लोकांना कळलं पाहिजे, त्यासाठीच तुमच्यासारख्या पेपरात हे यायला पाहिजे.

अजून एक गोष्ट राहिली, ती लग्नाच्या पलीकडची आहे. अपडेट नुसतं देत नाही, नेतं पण. ॲपलनं विंडोजवरचं क्विकटाइम २०१६ ला वाऱ्यावर सोडलं, अडोबीनं २०१८ ला प्रीमियरमधून त्या क्विकटाइम ७ च्या जमान्याचे फॉरमॅट काढून टाकले, मॅकनं २०१९ ला कॅटालिनामध्ये ३२-बिटवालं सगळं बंद केलं. सिनेपॅक, सोरेन्सन असल्या नावांच्या फाइल ज्यांच्याकडं पडल्यात त्यांना आता त्या उघडायला जुनं मशीन शोधावं लागतं. तुम्ही म्हणाल मग काय झालं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. त्यानंतर किल्लारी, सास्तूर भागात कुणी कुणी व्हीएचएसवर काय काय शूट केलं, पुनर्वसनाची गावं बसताना कुणी टेप भरल्या, त्यातल्या काही नंतर हौसेनं कॉम्प्युटरवर घेतल्या, त्या वेळी जे कॅप्चर कार्ड होतं आणि ते जो कोडेक देत होतं त्याच्यात. माझ्याकडंच एक जण अशी सीडी घेऊन आला होता, वडिलांनी भरून घेतलेली, नव्या मशीनवर काहीच दिसंना. शेवटी एफएफएमपेग नावाचं जे फुकटचं ओपन सोर्स साधन आहे, २००० सालापासून जगभरचे लोक मिळून चालवतात, त्याच्यानं ती फाइल उलगडली. कोट्यवधीच्या कंपन्यांनी जे सोडून दिलं ते या लोकांनी जपलं. ज्यांच्या घरी अशा जुन्या टेपा, सीड्या असतील त्यांनी त्या आत्ताच चांगल्या फॉरमॅटमध्ये करून ठेवाव्यात, आणि मूळ फाइल टाकून देऊ नये.

कॅमेरा घ्यायला निघालेल्या पोरांना एवढंच सांगतो, दुकानात जाताना स्वतःचं कार्ड घेऊन जा, ज्या सेटिंगवर तुम्ही लग्न करणार त्याच सेटिंगवर दोन-चार मिनिटं शूट करा, आणि ते कार्ड जो तुमचं मिक्सिंग करणार त्याच्या मशीनवर लावून बघा, मगच पैसे द्या. दुकानदार कुरकुर करंल, करू द्या, पैसे तुमचे आहेत. जागेचा हिशेब पण तिथंच करा, सोनीमध्ये ४के ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारं) २५ फ्रेमवर ठेवलं तर सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे तासाला ११२ जीबी, आणि नुसतं १०० मेगाबिटवर ठेवलं तर ४५ जीबी. ऑल-इंट्रा मशीनला हलकं जातं पण हार्डडिस्कला जड, कोणतं परवडतं ते आधी ठरवा. आणि कार्ड कॉपी करताना नुसत्या व्हिडिओच्या फाइल उचलून आणू नका, अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करा, सगळ्या फोल्डरसकट. सोनीच्या कार्डात प्रायव्हेट, मग एम४रूट, मग क्लिप असे फोल्डर असतात आणि क्लिपच्या शेजारी छोट्या एक्सएमएल फाइल असतात, पोरं त्या फालतू समजून डिलीट करतात. त्यात क्लिपची माहिती असते, सॉफ्टवेअरला तिची गरज पडते.

संभाजीनगर आणि नांदेड दोन्हीकडं विद्यापीठात मीडियाचे कोर्स आहेत, खासगी क्लास तर गल्लीगल्लीत आहेत. कट कुठं मारायचा, ट्रान्झिशन कसं टाकायचं हे पोरं आता यूट्यूबवर पण शिकतात. शिकवायचंच असंल तर कोडेक शिकवा, प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी कॉपी, कशी करायची ते शिकवा, फाइलची माहिती कशी वाचायची ते शिकवा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्याच्यावर टाकली की आत काय आहे ते सगळं सांगतं. हे ज्याला येतं त्याला आमच्याकडं काम आहे, मी स्वतः देतो.

आणि संपादक साहेब, हा प्रश्न आमच्या एकट्याचा आहे असं समजू नका. तुमच्या वेबसाइटला पण आता व्हिडिओ लागतात, तालुक्याचे वार्ताहर मोबाइलवर शूट करून पाठवतात, कुणी आयफोनवर, कुणी साध्या फोनवर, उभे-आडवे. तुमच्या डेस्कवर ते जोडणारं जे कुणी असंल त्याला एकदा विचारून बघा, मंत्र्याचे ओठ आधी हलतात आणि आश्वासन नंतर येतं असं किती वेळा होतं म्हणून.

पुढची कॅमेऱ्याची पुरवणी काढाल तेव्हा प्रत्येक मॉडेलच्या किमतीखाली एक ओळ द्या, फाइल कोणत्या कोडेकची, किती बिटची, आणि कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या व्हर्जनपासून उघडते. जागा कमी पडत असंल तर कॅमेऱ्याचा फोटो जरा बारका छापा, तो तसाही सगळ्यांनी मोबाइलवर बघितलेलाच असतो.

आपला,
एक व्हिडिओ मिक्सिंगवाला,
उदगीर, जि. लातूर